बापाचा आवाज यंत्रातून: विज्ञानपटातला बाप आणि मुलगा कसे लिहावेत

तुझा खर्डा दोनदा वाचला, एकदा रात्री आणि एकदा सकाळी. वाचणाऱ्यांसाठी तुझा प्रश्न आधी थोडक्यात सांगते. २०४१ सालचं कोल्हापूर. शिवाजी उद्यमनगरातली बंद पडत आलेली फाउंड्री. मालक वारलाय, आणि त्याच्या मुलानं बापाच्या फोनमधल्या सगळ्या व्हॉइस नोट्स भरून एक यंत्र बनवलंय. यंत्र बापाच्या आवाजात बोलतं, पहाटे साडेचारला मुलाला तालमीसाठी उठवतं, भट्टीचा हिशेब विचारतं, ‘गड्यासारखा वाग’ म्हणून दरडावतं. बावीस मिनिटांचा लघुपट आहे. शेवटी मुलानं यंत्र फोडावं की त्याच्यापुढं रडावं हे तुझं ठरत नाही. दोन्ही लिहून पाहिलंस आणि दोन्ही खोटं वाटलं. शिवाय तू विचारलंयस की विज्ञानपटांतला बाप नेहमी मेलेला, पळालेला किंवा राक्षसच का असतो.

मी पटकथा लिहीत नाही. तीस वर्षं संकलनाच्या टेबलावर बसले आहे. पण कागदावरचा बाप पडद्यावर उभा राहतो की नुसता गुरगुरतो, हे सगळ्यांत आधी आम्हाला कळतं, कारण कुणाच्या चेहऱ्यावर किती वेळ थांबायचं हे आम्ही ठरवतो. बाई असून बाप-लेकाबद्दल काय सांगणार, असं वाटत असेल तर वाटू दे. घरात बाप आणि भाऊ यांच्यामधली निरोप्या मीच होते.

सरळ उत्तर आधी देते. तुझं यंत्र बाप जिवंतपणी जे ओरडायचा तेच मेल्यावर ओरडतंय. मग मुलापुढं दोनच वाटा राहतात, फोडणं किंवा शरण जाणं, आणि दोन्ही आपण हजारदा पाहिल्यात. बाप-लेकाची गोष्ट जिथं जमली आहे तिथं यंत्राला, काळाला किंवा अंतराला वेगळं काम दिलेलं असतं: बापाच्या हातून जे झालं नाही ते करायचं. म्हणून या माणसाला आयुष्यभर काय बोलता आलं नाही हे आधी ठरव. यंत्राचं काम त्यातून निघेल. तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. बाप नेपच्यूनवर गेलाय म्हणून दुरावा आला असं या गोष्टींत नसतं. दुरावा घरातच होता, लेखकानं त्याला मोजता येईल असं अंतर दिलं.

‘टर्मिनेटर २’ १९९१ चा. आमच्या घरी तो सात-आठ वर्षांनी आला, केबलवर, हिंदी बोलत. माझे वडील उद्यमनगरात मोल्डर होते, जन्मभर वाळूचे साचे भरले. धाकटा भाऊ तेव्हा अठराचा. पोरानं एकदा तरी खासबागेत कुस्ती मारावी ही वडिलांची इच्छा, आणि भावानं खांदा निखळल्यावर लंगोट खुंटीला टांगला तो कायमचा. चार महिने दोघांत अबोला. दोन हातांवर बसलेल्या माणसाला ‘त्याला म्हणावं, भाकरी झाली’ हा निरोप माझ्यामार्फत जायचा.

त्या चित्रपटात मधेच एक शांत जागा आहे. मुलगा त्याच्या रक्षणासाठी आलेल्या यंत्रमाणसाशी खेळतोय आणि आई लांबून बघत मनाशी म्हणते की हा याला कधी सोडून जाणार नाही, दारू पिऊन मारणार नाही, वेळ नाही म्हणणार नाही. इतक्या वर्षांत बाप होऊ पाहणारे जे जे आले त्यांत हे यंत्रच काय ते पुरं पडलं. आमच्या घरात त्या मिनिटाला कुणी कुणाकडं पाहिलं नाही. आई उठून स्वयंपाकघरात गेली.

मग शेवट आला, पोलादाच्या कारखान्यातला. वडील एकदम कारागीर झाले. (बीड म्हणजे ओतीव लोखंड.) “हे पोलाद हाय, बीड न्हवं. बिडापेक्षा दीडदोनशे अंश जास्त. एवढ्या जवळ उभं राहिलं तर भुवया राहतील व्हय?” मग साखळीवर आक्षेप. यंत्रमाणूस साखळी धरून रसात उतरतो तेव्हा साखळी कशी टिकते? आणि मग तो प्रसिद्ध अंगठा, रसात बुडता बुडता वर झालेला. वडील म्हणाले, “आमच्यात अंगठा वर म्हंजे ओता.” पडद्याकडंच बघत म्हणाले, पण भावाला उद्देशून. भाऊ म्हणाला, “तुमच्यात कोण आत गेलं न्हाई न्हवं?” वडील म्हणाले, “एका पोराची चप्पल गेलती.” दोघं हसले. माफी नाही, मिठी नाही. दुसऱ्या दिवसापासून भाकरीचा निरोप थेट जायला लागला.

(तो कारखाना कॅलिफोर्नियातला, फाँटानाचा, चित्रीकरणाआधीच बंद पडलेला. रस म्हणून दिसतो तो दिव्यांचा खेळ. हे मी वडिलांना पुढं सांगितलं तर त्यांना चक्क फसवल्यासारखं वाटलं. अंगठ्याबद्दल मात्र तक्रार नव्हती.)

यातून तू काय उचलायचंस? यंत्राचा नियम. तो यंत्रमाणूस स्वतःला संपवू शकत नाही, तशी त्याची घडण आहे. म्हणून बटण आईला दाबावं लागतं. मुलगा ‘जाऊ नको, मी हुकूम देतो’ म्हणत रडतो आणि आजवर प्रत्येक हुकूम पाळणारं यंत्र हा एकच हुकूम मोडतं. बाप झाल्याची खूण तीच. एवढं सगळं त्या एका तांत्रिक अटीतून निघालंय. तुझ्या यंत्राला अटच नाही. ते काहीही बोलू शकतं, म्हणून त्याच्या कुठल्याच वाक्याला वजन येत नाही.

आता ‘इंटरस्टेलर’, २०१४ चा. तुझ्या पिढीचा लाडका आहे, तू खर्ड्यात दोनदा त्याचं नाव काढलंयस. पण तो नीट बघ. पाण्याच्या ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं. घरी मुलगा-मुलगी सोडून निघालेला नायक कूपर परत यानात येतो तेव्हा तेवीस वर्षं उलटलेली असतात आणि तो घरून आलेले निरोप एकामागून एक बघत बसतो. हा प्रसंग मी विद्यार्थ्यांना आवाज बंद करून दाखवते. कॅमेरा त्या माणसाच्या चेहऱ्यावरून हलायला तयार नसतो. निरोप जुने आहेत, उत्तर देता येत नाही, थांबवून ‘अरे, पण ऐक’ म्हणता येत नाही. कर्त्या पुरुषाला नुसतं ऐकायला लावणारा असा प्रसंग मुख्य धारेत क्वचित सापडतो. घड्याळानं त्याचं बोलणं काढून घेतलंय, तेव्हा कुठं तो रडतो.

पण ते निरोप पाठवतंय कोण? मुलगा, टॉम. वर्षानुवर्षं तोच पाठवतोय: लग्न झालं, नातू झाला, आजोबा गेले. शेवटी म्हणतो, आता तुम्हाला सोडून द्यायला हवं. मुलगी रुसलेली आहे, तिनं तोवर एकही निरोप पाठवलेला नाही. आणि चित्रपट कुणाकडं परत जातो? मुलीकडं. शेवटी म्हाताऱ्या मुलीच्या खाटेशी बसलेला बाप टॉमचं काय झालं हे विचारतसुद्धा नाही. सहलेखक जोनाथन नोलनच्या सुरुवातीच्या खर्ड्यात मर्फ, म्हणजे हीच मुलगी, मुलगा होता, पुढं त्याची मुलगी केली गेली. माझं मत असं की त्या बदलामुळंच बापाला मनसोक्त रडता आलं. मुलीपुढं रडणारा बाप प्रेक्षकाला चालतो. मुलापुढं रडला असता तर हिशेब मांडावा लागला असता: शेत कुणी सांभाळलं, मागं कोण राहिलं. टॉमनं शेत सांभाळलं, नांगर सोडला नाही, तर चित्रपटानं त्याला हट्टी आणि तुसडा करून टाकला. कोल्हापूर जिल्ह्यात घरोघरी एक टॉम आहे. थोरला पुण्याला किंवा परदेशात, आणि धाकटा ऊस आणि आईबापांचं दुखणं बघत बसलेला. त्याच्यावरचा विज्ञानपट अजून कुणी काढलेला नाही. तुझा नायक मला तसाच वाटतो, म्हणून मी एवढं लिहीत बसलेय.

‘अ‍ॅड अ‍ॅस्ट्रा’ (२०१९) तू पाहिलेला दिसत नाही. पहिली पंधरा मिनिटं कंटाळा आला तरी बघ. मर्दपणाची इतकी कोरडी व्याख्या मी दुसरीकडं पाहिली नाही: नायकाची नाडी कधीच ऐंशीच्या वर जात नाही, आणि हीच त्याची लायकी. प्रत्येक मोहिमेआधी त्याला यंत्रापुढं बसून ‘मी शांत आहे’ हे सिद्ध करावं लागतं. त्याचा बाप नेपच्यूनपाशी, जिवंत असावा असा संशय. मंगळावरून बापाला निरोप पाठवायचा तर वरिष्ठ त्याच्या हातात लिहिलेला मजकूर देतात. तो जसाच्या तसा वाचतो. पलीकडून काही येत नाही. मग एके दिवशी तो कागद सोडून स्वतःचं बोलतो, लहानपणीचं, आवाज किंचित हलतो. पलीकडून उत्तर आलं असावं असं लोकांच्या चेहऱ्यांवरून कळतं, आणि त्याच क्षणी त्याला मोहिमेतून काढून टाकतात. आवाज हलला, माणूस नालायक ठरला.

शेवटी बाप भेटतो आणि तोंडावर सांगतो की घराची मला कधी आठवण आली नाही. लेखकानं इथं बापाला ऐनवेळी मऊ केलं नाही याचं मला कौतुक आहे. दोघं दोरीनं बांधलेले, बाप म्हणतो सोड मला, आणि मुलगा सोडतो. तुझ्या यंत्रानं शेवटच्या पानावर ‘मला तुझा अभिमान आहे’ म्हणणं हे याच्या बरोबर उलट आहे. ते वाक्य काढ. बाप असं बोलणारा असता तर मुलाला यंत्र बनवावंच लागलं नसतं.

राक्षस झालेला बाप म्हटला की सगळे ‘स्टार वॉर्स’कडं जातात, तूही गेलास. खलनायक डार्थ वेडरच नायकाचा बाप, हा १९८० चा गौप्यस्फोट इतका जपला होता की चित्रीकरणाच्या वेळी मुखवट्याआडचा डेव्हिड प्राऊज वेगळंच वाक्य बोलत होता. खरं वाक्य नंतर जेम्स अर्ल जोन्सच्या आवाजात बसवलं. आणि १९८३ च्या भागात मुखवटा निघतो तेव्हा चेहरा तिसऱ्याच नटाचा, सबॅस्टियन शॉचा. अंग एकाचं, आवाज दुसऱ्याचा, चेहरा तिसऱ्याचा. तडजोड म्हणून झालं असेल, पण बाप मुलाला दिसतो तो असाच तुकड्यातुकड्यांत.

मला त्यातला उपयोगी क्षण मात्र वेगळा वाटतो. १९८३ च्या भागात मुलगा चिडून बापाचा हात तोडतो. तुटलेल्या मनगटातून तारा बाहेर आलेल्या. तो त्या तारांकडं बघतो, मग स्वतःच्या काळ्या हातमोज्यातल्या हाताकडं, जो आधीच्या भागात बापानं तोडलाय आणि आता यांत्रिक आहे. पुन्हा बापाकडं. आणि शस्त्र फेकून देतो. तीन-चार तुकड्यांचं संकलन, शब्द एकही नाही. आता हाच प्रसंग आपल्याकडं लिहिला की मुलगा बापाला चितपट करतो आणि वरून एक पल्लेदार संवाद मारतो, कारण थिएटरात शिट्टी हवी.

आपल्याकडं याची जुनी गोष्ट आहे आणि ती जास्त तिखट आहे. महाभारतात अश्वमेधाचा घोडा मणिपूरला येतो तेव्हा बभ्रुवाहन बापाचं स्वागत करायला नम्रपणे सामोरा जातो. अर्जुनाला याचाच राग येतो. मी शस्त्र घेऊन आलोय आणि तू लढत नाहीस, हा कसला क्षत्रिय, म्हणून तो मुलाचा धिक्कार करतो. अर्जुनाची नागपत्नी उलूपीही पोराला लढायला भरीस घालते. मुलगा लढतो, बापाला मारतो, स्वतः कोसळतो, आणि मग उलूपीच्या मण्यानं अर्जुन जिवंत होतो. बापानं मुलाकडं मर्दपणाचा पुरावा मागितला, मुलानं दिला, आणि पुराव्याची किंमत बापाचा जीव. मणी म्हणजे यंत्रच की. तुझ्या मित्रांनी म्हणे सांगितलं की हे सगळं परदेशी आहे, आपल्या मातीत बसत नाही. त्यांना अश्वमेधपर्व दे वाचायला.

त्याच मित्रांचा ‘कोल्हापुरात कसला सायन्स फिक्शन’ हा दुसरा शेरा तर अगदीच हुकलाय. मराठी विज्ञानकथा घरोघरी नेणारे जयंत नारळीकर १९३८ साली याच गावात जन्मले. त्यांचे वडील विष्णू वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक होते. बनारसच्या घरात वडिलांनी भिंतीवर फळे बसवून घेतले होते, आणि घरी राहायला आलेला मामा त्यावर भाच्यासाठी आव्हानाचं गणित लिहून ठेवायचा, ही हकिकत नारळीकरांनीच सांगितलेली आहे. उत्तर सुटेपर्यंत गणित पुसायचं नाही. घरातल्या पुरुषांची माया अशी फळ्यावरून पोराकडं जायची. आणि चित्रपटाचं म्हणशील तर बाबूराव पेंटरांनी देशी कॅमेरा इथंच घडवला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत घडलेले शांताराम, दामले, फत्तेलाल १९२९ मध्ये बाहेर पडले आणि त्यांनी इथंच प्रभात काढली. वस्तादाच्या घरातून पोरं निघून जातात त्याची गोष्ट हवी असेल तर तीही गावातच आहे.

हिंदीतल्या बापांबद्दल थोडं बोलते, कारण तुझ्या खर्ड्यावर नकळत त्यांचीच छाप आहे. ‘मिस्टर इंडिया’त (१९८७) अदृश्य व्हायचं यंत्र मेलेल्या बापाचं, पण ते ज्याच्या हाती पडतं तो अनाथ पोरांना पाळणारा बाप आहे, भाडं थकलेला. त्याला ताकद हवी ती पोरांच्या पोटासाठी. तो बाप मला अजून आवडतो. ‘कोई... मिल गया’त (२००३) मेलेल्या शास्त्रज्ञ बापाचं काम राकेश रोशननं स्वतः केलंय आणि मुलाचं काम त्याच्या खऱ्या मुलानं, हृतिकनं. बापाचा संगणक मुलाच्या हाती लागतो आणि आकाशातून उत्तर येतं. कल्पना सुंदर आहे, पण पुढं मुलगा ‘बरा’ झाला हे दाखवायला त्याला खेळात जिंकावं लागतं आणि मारामारी करावी लागते. साधा, मंद, आईच्या पदराला धरून असलेला पोरगा तसाच चालला असता की!

आणि ‘रा.वन’ (२०११). लोक त्याला हसतात. मी हसत नाही, मला तो दुःखी चित्रपट वाटतो. बाप व्हिडिओ गेम बनवतो, भित्रा, वेंधळा, मुलाला त्याची लाज वाटते. मुलाला खलनायक आवडतात म्हणून बाप त्याच्या खुशीसाठी न हरणारा खलनायक घडवतो, आणि तोच खलनायक बाहेर येऊन बापाला मारतो. मग गेममधला नायक बाहेर येतो, बापाचाच चेहरा, पण पीळदार, निर्भय. मुलाला हवा तसा बाप मिळाला, फक्त खरा बाप मेल्यावर. दिग्दर्शकाला हे दुखणं दिसलं होतं का नाही कोण जाणे, कारण गाणी आणि गाड्यांची उडवाउडवी त्यावर बसली. तुझं यंत्र याच जातीचं आहे, फक्त तुझ्याकडं गाड्या नाहीत. ही तुझी सोय समज.

‘बॅक टू द फ्युचर’बद्दल (१९८५) तीनच वाक्यं. तिथं बापानं तरुणपणी एक ठोसा मारला आणि वर्तमानात अख्ख्या घराचं नशीब पालटलं, पोराला नवी गाडीसुद्धा मिळाली. बापाचं काम करणाऱ्या क्रिस्पिन ग्लोव्हरलाही हे पैशाचं बक्षीस खटकलं होतं. करमणूक म्हणून उत्तम, पण तुझ्या तेराव्या पानावरचा ठोसा तिथूनच आलाय आणि तो तिथंच शोभतो.

आता तुझ्या कोल्हापुराकडं येते, कारण खरा घोळ तिथं आहे. तुझा बाप मिशी, बुलेट, तांबडा रस्सा आणि शिव्या यांतून उभा केलायस. हे रीलमधलं कोल्हापूर झालं. पुरुषपण दाखवायला तू तालीम वापरलीस आणि तिथं फक्त ओरडणं दाखवलंस. तू तालमीत राहिला नाहीस हे कळतं. माझा भाऊ तीन वर्षं राहिला. तिथं पैलवान पोरं स्वतःचा स्वयंपाक करतात, भांडी घासतात, थंडाईसाठी बदाम वाटत बसतात. एकमेकांचं अंग रगडतात. हौद्यातल्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती अशी जपतात की घरात आई पीठ तिंबते तशी. भावाचा खांदा निखळला तेव्हा वस्ताद रात्रभर उशाशी बसून होता, असं भावानं मला वीस वर्षांनी सांगितलं. वडिलांना ते कधीच कळलं नाही. ज्या जागेला आपण मर्दानी म्हणतो तिथं दिवसभर चालणारी कामं बघ, आपण ज्यांना बायकी म्हणतो तीच आहेत. हे पडद्यावर आण. खुबी अशी की त्यासाठी एकही संवाद लागत नाही.

आणखी एक जागा बघून घे. ‘ई.टी.’मध्ये (१९८२) बाप एकदाही दिसत नाही, दुसऱ्या बाईबरोबर मेक्सिकोला गेलेला आहे. दोघे भाऊ गॅरेजमध्ये यंत्रासाठी सामान शोधत असताना बापाचा जुना शर्ट हाती लागतो. एक हुंगून म्हणतो ओल्ड स्पाइसचा वास, दुसरा म्हणतो नाही, सी ब्रीझचा. बस. कोणता वास यावर मतभेद, आणि बाप खोलीत येऊन उभा राहतो. शिवाय शोध चाललाय तो घरी फोन लावायच्या यंत्रासाठीच्या सामानाचा! ‘ई.टी.’चा दिग्दर्शक स्पीलबर्ग, त्याचे वडील आर्नल्ड संगणक बनवणारे अभियंता होते, आईवडिलांचा घटस्फोट झाला आणि मुलानं बरीच वर्षं त्याचा दोष बापाला दिला, पुढं समेट झाला. याच स्पीलबर्गनं १९७७ मध्ये ‘क्लोज एन्काउंटर्स’मध्ये बायकापोरं सोडून उडत्या तबकडीत बसून जाणारा नायक रंगवला होता, आणि स्वतः बाप झाल्यावर सांगितलं की आज तसा शेवट केला नसता.

तुझ्या नायकाच्या घरात बापाचा शर्ट कुठला? जळक्या वाळूचा वास येणारा, बाहीला ठिणग्यांची बारीक भोकं पडलेला. आमच्याकडं तसा एक अजून आहे, भावाच्या कपाटात. मी विचारलं नाही का ठेवलास.

आता यंत्र. व्हॉइस नोट्स म्हणतोस ना? मग फाउंड्रीवाला बाप मुलाला खरंच काय रेकॉर्ड करून पाठवतो ते ऐक. तुझ्याच वडिलांच्या नोट्स काढ. त्यांत आयुष्याबद्दल, गड्यासारखं जगण्याबद्दल काही नसणार. ‘येताना दूध आण.’ ‘लाइट गेली का तिकडं?’ ‘गाडी हळू चालव, पाऊस हाय.’ ‘पोचलास का? पोचल्यावर फोन कर.’ मागं भट्टीचा ब्लोअर. चारशे नोट्समध्ये साठ वेळा ‘पोचलास का’. यंत्राला अट घाल: बापानं जे शब्द कधी रेकॉर्ड केले नाहीत ते त्याला बोलता येत नाहीत. बास, एवढी एकच अट. मग मुलगा त्याला जे विचारायचंय ते विचारू दे: तालीम सोडली म्हणून राग होता का, फाउंड्री विकली तर चालेल का. यंत्र घुटमळेल, जुळवाजुळव करेल, आणि त्याच्याकडं आहे तेवढंच देईल. पाऊस हाय. हळू जा. पोचलास का. पहिल्या वेळी प्रेक्षक हसू दे. चौथ्या वेळी हसणार नाहीत.

चित्रीकरण करताना यंत्राच्या उत्तरावर यंत्र दाखवू नकोस. मुलाचा चेहरा धर, आणि उत्तर संपल्यावरही सात-आठ सेकंद धरून ठेव. तुझा संकलक कापायला बघेल, कापू देऊ नको. ध्वनीत आवाजामागचा ब्लोअर तसाच ठेव, स्वच्छ करू नको. तो ब्लोअर नंतर खऱ्या भट्टीवर ऐकू आला की वेगळं काही सांगावं लागणार नाही.

शेवट तू विचारलास म्हणून सांगते, घेतलाच पाहिजे असं नाही. फोडणं नको, रडणंही नको. मुलगा शेवटचं ओतकाम करतोय, गोंगाटात यंत्राचं काही ऐकू येत नाही, तो भट्टीवरच्या माणसाला अंगठा दाखवतो आणि रस साच्यात जातो. बाहेर पाऊस. फोन उचलून तो यंत्राला एक नोट पाठवतो, एका शब्दाची: ‘पोचलो.’ यंत्राकडं याला उत्तर नाही, कारण त्याच्या बापानं यावर कधी काही उत्तर दिलंच नसणार. संदेश पोचल्याचे निळे टिक येतात. काळोख.

तेरावं पान काढ, अठराव्या पानावरचं भाषण काढ, बुलेट विकून टाक. आणि साडेचारचं घड्याळ यंत्राकडून काढून घे. त्या वेळेला उठायची सवय त्या पोराची स्वतःची असू दे. नवा खर्डा दिवाळीआधी पाठव, नंतर मी एका मालिकेच्या कामात अडकणार आहे.